उंबरठ्याबाहेरची जागा

सुटींत मुंबईस जाणारा मनुष्य समुद्रावर जातो, खरेदीस जातो, किंवा कोणाच्या तरी लग्नकार्यास जातो. मुंबई पाहावयास म्हणून तो क्वचितच जातो. ज्या शहरांत प्रत्येकाची आत्या, मामा किंवा निदान एखादा मावसभाऊ राहतो, तें शहर आपण पाहिलेलेंच आहे अशी आपणां सर्वांची समजूत असते. वस्तुतः पाहिलेली असते ती त्या मामाची खोली, स्टेशनापासून त्या खोलीपर्यंतचा रस्ता, आणि फार तर चौपाटी. 2025 सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्हां चार स्नेह्यांचा जो बेत ठरला, तो या समजुतीविरुद्ध होता. दिवस एकच, आणि त्या एका दिवसांत, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या चार-पांच वस्त्या होतां होईतों पायीं हिंडून पाहावयाच्या.

आम्ही चौघें कॉलेजांतलीं. एक नागपूरचे वकील. एक पुण्याच्या डॉक्टरीणबाई. एक जन्माचा गिरगांवकर, जो गेलीं बारा वर्षें ठाण्यास फ्लॅटमध्यें राहतो पण अद्याप स्वतःस गिरगांवकरच म्हणवितो. आणि चौथा मी. वकिलांनीं निघण्यापूर्वींच एक अट घातली. ते म्हणाले, "देवळें, मशिदी, पुतळे हें सारें पाहूंच, पण प्रत्येक वस्तींत एक प्रश्न विचारायचा. दाराबाहेर टाकलेलें पहिलें पाऊल कोणाच्या जागेंत पडतें?" हा प्रश्न त्यांस सुचण्याचें कारण त्यांच्या धंद्यांत आहे. त्यांचा निम्मा वेळ वांटणीच्या दाव्यांत जातो, आणि त्यांचा अनुभव असा कीं, भावाभावांत खोल्यांवरून भांडण क्वचितच होतें. खोल्या मोजून देतां येतात. भांडण होतें तें ओसरीवरून, जिन्यावरून, विहिरीवरून; म्हणजे जी जागा कोणा एकाची नसून सर्वांची असते, तिच्यावरून. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें पटवून देण्याची गरज नाहीं.

सकाळीं साडेसहाच्या सुमारास आम्ही वाळकेश्वरास पोंचलों. मलबार टेकडीच्या माथ्यावर धनिकांचे उंच मनोरे उभे आहेत. त्यांच्या पायथ्यापासून एक अरुंद पायऱ्यांची वाट खालीं उतरते, आणि थोडक्याच पावलांत आपण एका जुन्या क्षेत्राच्या गांवीं आल्यासारखें वाटतें. मधोमध बाणगंगेचा आयताकृति तलाव, चारी बाजूंनीं दगडी पायऱ्या, भोंवतीं लहान लहान देवळें, मठ आणि धर्मशाळा. समुद्र हांकेच्या अंतरावर. तरी तलावास पाणी येतें तें जिवंत झऱ्याचें आणि गोडें. तहानलेल्या रामचंद्रांसाठीं बाण मारून हें पाणी काढलें अशी कथा आहे. तीर्थाची बांधणी शिलाहारांच्या काळची सांगतात. आणि पोर्तुगीजांच्या अमदानींत नष्ट झालेलें वाळकेश्वराचें देऊळ 1715 सालीं रामा कामती या गौड सारस्वत व्यापाऱ्यानें पुन्हां उभारलें. आम्ही गेलों त्या वेळीं एका पायरीवर कोणाचें तरी दशक्रियेचें कार्य चाललें होतें, पलीकडे दोन मुलें चेंडू-फळी खेळत होतीं, आणि पाण्यांत बदकें दोन्ही गोष्टींकडे सारख्याच उदासीनतेनें पाहत होतीं.

वकिलांच्या प्रश्नाचें उत्तर येथें लगेच मिळालें. तलावाकांठच्या घरांतला मनुष्य उंबरठा ओलांडतो तो तीर्थाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर. एक बाई त्या वाटेवरच रांगोळी काढीत होत्या, आणि यात्रेकरू ती चुकवून चालत होते. जागा देवाची, सडा बाईंचा, आणि वाट सर्वांची. यांत कोणास कांहीं विसंगत वाटत नव्हतें. वरच्या मनोऱ्यांतला मनुष्य दाराबाहेर पाऊल टाकतो तें लिफ्टमध्यें, आणि लिफ्टमधून मोटारींत. टेकडीवरच्या आणि तलावाकांठच्या घरांचा पिन क्रमांक एकच आहे. पोस्टमनखेरीज दोन्हीकडे जाणारें दुसरें कोणी असेल असें वाटलें नाहीं.

उतारावरून चौपाटी आणि तेथून गिरगांव. गिरगांव ही एक वस्ती नव्हे. ती वाड्यांची गांठ आहे. फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, आंबेवाडी अशीं नांवें वाचलीं म्हणजे येथें एके काळीं काय पिकत होतें हें निराळें सांगावयास नको. त्यांतलीच एक खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांनीं आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले, आणि त्यांनीं येथें पोर्तुगीज धाटणीचीं लांकडी घरें बांधलीं. पुढें ओटा, त्यावर उतरतें छप्पर, बाहेरून चढणारा जिना, नक्षीचे कठडे, आणि गल्ली इतकी अरुंद कीं दोन माणसें बोलत उभीं राहिलीं तर तिसऱ्यास थांबावें लागतें. अशीं पूर्वीं 65 घरें होतीं असें सांगतात. आतां त्यांच्या निम्मींहि उरलेलीं नाहींत.

आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, हे ईस्ट इंडियन लोक मूळचे याच किनाऱ्याचे, आणि त्यांची घरची बोली मराठीच. त्यांनीं हें नांव घेतलें तें 1887 सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं. गोव्याकडून आलेल्या ख्रिस्त्यांहून आपण निराळे, कंपनी सरकारच्या मुलखांतले, हें दाखविण्यासाठीं. एका ओट्यावर वेताच्या खुर्चींत बसलेल्या वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस "कुठून आलांत?" असें विचारलें, आणि त्यांच्या बोलण्यांतला कोळ्या-आगऱ्यांच्या भाषेशीं नातें सांगणारा हेल ऐकून डॉक्टरीणबाई पांच मिनिटें तेथून हालल्या नाहींत. पुढचें संभाषण बाटली-मसाल्यावर गेलें. उन्हाळ्यांत पंधरा-वीस जिन्नस भाजून, कुटून हा मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचें हें नांव. भाजणीचें प्रमाण मात्र घरोघर निराळें, आणि तें सुनेस केव्हां सांगावयाचें हें सासूनें ठरवावयाचें. इतकें ऐकल्यावर परकेपणा कसला उरतो!

खोताच्या वाडींत पहिलें पाऊल पडतें तें ओट्यावर. ओटा घराचा असतो, परंतु बसणारा तेथें बसतो तो गल्लीकडे तोंड करून. घर आणि गल्ली यांच्यामध्यें एक सैल गांठ असावी तसा तो आहे.

तेथून चार पावलांवर आमच्या गिरगांवकराची चाळ. चाळीचें नांव देत नाहीं. तिच्या आई, म्हणजे आमच्या काकू, एकोणऐंशी वर्षांच्या आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खणांत एकट्या राहतात. मुलगा ठाण्यास बोलावतो. त्या जातात, आठ दिवस राहतात आणि "दळण टाकायचं आहे" असें कांहींतरी निमित्त काढून परत येतात. आम्ही जिना चढून गेलों तेव्हां लांब लांकडी गॅलरीभर आकाशकंदील टांगलेले होते, एका टोकास कोणाच्या तरी चकल्या तळल्या जात होत्या, आणि आम्ही कोणाकडे आलों आहों हें काकूंच्या दारापर्यंत जाईतों पांच बिऱ्हाडांना समजलें होतें.

गॅलरी म्हणजे काय, हें चाळींत न राहिलेल्यास सांगणें कठीण. तो रस्ता आहे, अंगण आहे, वाळवण घालण्याची गच्ची आहे, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका आहे आणि उन्हाळ्यांत झोंपण्याची खोली आहे. 1893 सालीं सार्वजनिक गणपति मुंबईंत प्रथम बसला तो याच गिरगांवांत, केशवजी नाईकांच्या चाळींत. आणि हें मला तरी योगायोगाचें वाटत नाहीं. बंगल्यांच्या वस्तींत तो बसता तर वर्गणी जमली असती, पण आरतीस माणसें दारांतल्या दारांत जमलीं नसतीं.

पोहे झाले, फराळाचें झालें, आणि मग ज्या विषयासाठीं गिरगांवकर सकाळपासून गप्प होता तो विषय निघाला. चाळ पाडून तेथें उंच इमारत बांधण्याचा प्रस्ताव आहे. पुष्कळशा भाडेकरूंनीं संमतिपत्रावर सह्या केल्या आहेत. काकूंची झालेली नाहीं. वकिलांनीं कागद चाळले. ते म्हणाले, "असें व्हायचेंच होतें. 1947 च्या भाडेकायद्यानें भाडीं 1940 सालच्या सप्टेंबरांत होतीं तेथें बांधून ठेवलीं. युद्धानंतर शहरांत लोंढे येत होते, तेव्हां तें योग्यच होतें. पण गांठ मग सुटलीच नाहीं. जागेचें भाडें टॅक्सीच्या एका फेरीएवढें. तेवढ्यांत मालक वासा तरी कसा बदलणार? आणि जी इमारत आपली नव्हे तिच्यावर भाडेकरू तरी कां खर्च करील? 1999 चा नवा कायदा आला, पण तोंवर वाशांना वाळवी लागली होती."

"म्हणून काय सारें पाडायचें?" गिरगांवकर उसळला. मग तो गॅलरीविषयीं बोलूं लागला, आणि बोलला तें सुंदर बोलला. त्याचें बाळपण, पतंग, दहीहंडी, रात्रीं कठड्याला टेकून ऐकलेलीं गाणीं. आम्ही ऐकत राहिलों. डॉक्टरीणबाई मात्र गॅलरीच्या टोकाकडे पाहत होत्या. तें टोक म्हणजे मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांचे सामायिक संडास. त्या म्हणाल्या, "गॅलरीचें कौतुक पुरुषांनींच करावें. माझ्याकडे अशा घरांतल्या म्हाताऱ्या येतात. रात्रीं उठावें लागूं नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नाहींत, आणि मग दुखणीं घेऊन येतात. हें कोणाच्या आठवणींत लिहिलेलें नसतें."

काकू इतका वेळ लाडवांचा डबा लावीत होत्या. त्यांनीं झांकण बसवलें आणि म्हणाल्या, "सही करायला मी केव्हांच तयार आहे. अडवून धरली आहे ती ह्यानें."

गिरगांवकर पाहतच राहिला. "आई, तूंच म्हणाली होतीस ना, चाळ सोडवत नाहीं म्हणून?"

"चाळ सोडवत नाहीं म्हणालें. ही खोली सोडवत नाहीं असें कुठें म्हणालें? अरे, गेल्या श्रावणांत रात्रीं दोन वाजतां त्या टोकाकडे जातांना मी पाय घसरून पडलें. तुला सांगितलें नाहीं. सांगितलें असतेंस तर तूं मला उचलून ठाण्याला नेलें असतेंस. पण अकरा नंबरवालीनें धप्प आवाज ऐकला आणि ती धांवली. तिनें मला उठवलें, तिनें हळद लावली, आणि सकाळपर्यंत माझ्यापाशीं बसून राहिली. आतां तूंच सांग, गॅलरी चांगली कीं वाईट? पडलें तीहि गॅलरीमुळें आणि उठलें तीहि गॅलरीमुळें." मग आमच्या वकिलांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेलीं माणसें आहांत. माझा एकच प्रश्न आहे. नव्या इमारतींत माझ्या समोरचें दार कोणाचें, तेवढें मला सांगा."

कागदांत सर्व कांहीं होतें. चटईक्षेत्र किती, उंची किती, लिफ्ट किती, मोटारी कोठें उभ्या करावयाच्या, दुरुस्तीनिधि किती. समोरच्या दारांत कोण, हें कोठेंहि नव्हतें. अशा कामांत जागा बहुधा सोडत काढून वांटतात, म्हणजे कोणावर पक्षपाताचा आरोप येत नाहीं. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत, जेथें एकेक कुटुंब 160 चौरस फुटांच्या खोलींत तीन-तीन पिढ्या राहिलें, तेथील पहिल्या कांहीं कुटुंबांना 2025 सालीं 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही गोष्ट लहान नव्हे. तिच्या आनंदावर विरजण घालण्याचा अधिकार निदान बंगल्यांत आणि फ्लॅटांत राहणारांना नाहीं. पण चिठ्ठी जी निघते ती कुटुंबाच्या नांवाची निघते, शेजाराच्या नांवाची नाहीं. बारा नंबर चौथ्या मजल्यावर जातो आणि अकरा नंबर एकोणिसाव्या. दोघांना न्याय सारखाच मिळतो. फक्त धप्प आवाज ऐकूं येत नाहीं.

दुपारीं काकूंचा निरोप घेऊन आम्ही पूर्वेकडे चालूं लागलों. गिरगांव संपतें तेथें सी. पी. टँक हें नांव लागतें. टँक मात्र दिसत नाहीं. मुंबईंत अशीं नांवें पुष्कळ आहेत. धोबी तलाव, गोवालिया टँक, बाबुला टँक. तलाव बुजले, नांवें राहिलीं. विहिरी-तलावांत डांस होतात आणि हिवताप पसरतो म्हणून ते बुजविले गेले, आणि त्यांचें काम नळानें केलें. नळ घरांत आला ही सोय खरी, पण पाणवठा ही जी दाराबाहेरची पहिली जागा, ती गेली. झवेरी बाजाराजवळच्या जुम्मा मशिदींत मात्र एक तलाव अद्याप जिवंत आहे. 1802 सालीं पुरी झालेली ही मशीद जुन्या तलावावर दगडी कमानी रचून बांधलेली आहे. वर प्रार्थना, खालीं पाणी. सकाळीं बाणगंगा पाहिली होती, दोन्हीकडे पाण्यांत उतरणाऱ्या पायऱ्या पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे दोन्ही एकाच गवंड्याच्या घराण्यांतले वाटतात."

मधल्या भुलेश्वराचें वर्णन करीत बसत नाहीं. फुलें, समया, बांगड्या, धक्के. बायकामंडळींना तें ठाऊकच आहे. पण दुकानांच्या त्या गर्दींत एका दारांतून आंत शिरलें कीं शेंकडों गाई रवंथ करतांना दिसतात, हें फार थोड्यांनीं पाहिलें असेल. हा मुंबईचा पांजरापोळ. रस्त्यांतलीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून 1832 सालीं शहरांत मोठा दंगा झाला. त्यानंतर 1834 सालीं जमशेटजी जिजीभाई हे पारशी आणि अमीचंद शहा हे जैन गृहस्थ यांनीं मिळून हें अनाथ जनावरांचें आश्रयस्थान काढलें. चौरस फुटाचा भाव ऐकून जेथें माणसास घेरी यावी, तेथें जवळजवळ दोन शतकें गाई पाय पसरून बसल्या आहेत. हिशेबी माणसांच्या या पेठेनें हा एक हिशेब मुद्दाम चुकता ठेवला आहे असें दिसतें.

भेंडीबाजारांत शिरलों तेव्हां ऊन कलतें होतें. येथें पहिलें पाऊल दुकानाच्या फळीवर पडतें. खालीं दुकान, वर घर, मध्यें काळोखा जिना. मुलगा शाळेंतून येतो तो बापाच्या गल्ल्यावरूनच घरांत जातो. या वस्तीचें आमच्या मराठी घरांवर एक ऋण आहे, आणि तें संगीताचें. मुरादाबादेकडून आलेल्या छज्जूखां, नझीरखां व खादिमहुसेनखां या बंधूंनीं येथें गाणें शिकविलें म्हणून त्या घराण्याचें नांवच भेंडीबाजार पडलें. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीरखांसाहेबांच्या शिष्या. आणि कुमार गंधर्वांना पुढें अंजनीबाईंची तालीम लाभली. एखाद्या पुणेरी दिवाणखान्यांत ज्या स्वरानें मान डोलते, तो स्वर अशाच एखाद्या काळोख्या जिन्यावरून खालीं आलेला असतो.

आज त्या जिन्यांपैकीं बरेचसे गेले आहेत. दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासानें 2009 पासून सुमारें साडेसोळा एकरांची ही वस्ती नव्यानें बांधावयास घेतली आहे. सुमारें 250 इमारती, 3200 कुटुंबें आणि 1250 दुकानें. संगमरवरी रौदत ताहेराच्या भोंवतीं, जिच्या भिंतींवर आंतून संपूर्ण कुराण कोरलेलें आहे, आतां उंच मनोरे उठत आहेत. गिरगांवकर त्यांकडे पाहून नाक मुरडूं लागला तेव्हां वकिलांनीं त्यास पाकमोडिया रस्त्याची आठवण करून दिली. 2017 सालच्या ऑगस्टच्या अखेरीस तेथील एक जुनी इमारत सकाळच्या प्रहरीं कोसळली आणि तीसांहून अधिक माणसें गेलीं. त्यावर आमचा मित्र कांहीं बोलला नाहीं. आम्ही एका कोपऱ्यावर उभ्या उभ्या चहा घेतला. दुकानदारानें आम्हांस फळीवर बसावयास जागा करून दिली आणि स्वतः उभा राहिला.

सँडहर्स्ट रोडवरून गाडी पकडली. हें स्टेशन ज्या रस्त्याच्या नांवानें ओळखलें जातें तो रस्ता प्लेगनें बांधवून घेतला असें म्हटलें तरी चालेल. 1896 सालीं जवळच मांडवी भागांत प्लेगचे रोगी प्रथम ओळखले ते डॉ. व्हिएगस यांनीं. गल्ल्या अरुंद, खोल्यांस वारा नाहीं; तेव्हां 1898 सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्यानें समुद्राचा वारा आंत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते दाट वस्तींतून कापले. परंतु रस्त्यानें हटविलेल्या माणसांनीं जावें कोठें? ट्रस्टनें उत्तरेस दादर-माटुंग्याकडची मोकळी जमीन आंखून काढली. भुलेश्वराच्या आणि मांडवीच्या कोंदटपणांतून दादरचा मोकळेपणा जन्मास आला तो असा. वीस मिनिटांच्या गाडीच्या प्रवासांत कारण आणि कार्य दोन्ही पाहावयास मिळतात.

दादरास उतरून प्रथम हिंदु कॉलनी. तेथें राजगृह आहे. परळला ट्रस्टच्या चाळींत, गिरणीकामगारांच्या शेजारीं, दोन दशकांहून अधिक काळ काढल्यानंतर डॉ. आंबेडकर 1930 च्या दशकांत या घरीं राहावयास आले. आणि घर बांधलें तें मुख्यतः ग्रंथ ठेवण्यासाठीं. आम्ही समोर उभे असतांना माझ्या मनांत एक विचार आला, तो लिहून टाकतों. दिवसभर आम्ही ओटा, गॅलरी, पाणवठा यांचें गुणगान केलें. पण हा पाणवठा कोणाकोणास सामायिक होता? गिरगांवांतल्या कित्येक चाळी एकेका जातीच्या धर्मादायांनीं आपल्यापुरत्या बांधल्या होत्या, आणि बिऱ्हाडास जागा देतांना आडनांव विचारून मगच कुलूप काढीत. आजच्या नव्या इमारतींत शेजार तुटतो हें खरें. पण सोडतीची चिठ्ठी आडनांव पाहत नाहीं, हेंहि त्याच मापानें मोजावें लागेल. काकूंना मात्र हा प्रश्न विचारला असता तर काय उत्तर आलें असतें, तें मला ठाऊक आहे. अकरा नंबरवाली त्यांच्या जातीची नाहीं.

पलीकडे लागूनच पारशी कॉलनी. ट्रस्टमध्यें इंजिनियर असलेल्या मंचेरजी एदलजी जोशी यांनीं आपल्या समाजांतील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांसाठीं येथें शंभरावर भूखंड राखून घेतले, आणि दोन-तीन मजल्यांच्या इमारती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस झाडें व मधोमध पांच उद्यानें अशी वस्ती उभी केली. पारशांच्या इतर बागांना फाटक असतें, रखवालदार असतो. या वस्तीस भोंवतालची भिंतच नाहीं. संध्याकाळीं उद्यानांत पारशी आजोबा आपल्या काठीसह एका बांकावर, आणि शेजारच्या बांकावर सायनकडची क्रिकेट खेळून थकलेलीं पोरें. पहिलें पाऊल येथें झाडाच्या सांवलींत पडतें, आणि ती सांवली नगरपालिकेची.

आम्हीहि एका बांकावर बसलों. वकिलांनीं खिशांतून कागद काढला आणि दहा मिनिटें कांहीं लिहिलें. चिठ्ठ्या टाकावयाच्या तर बिऱ्हाडवार न टाकतां गॅलरीवार टाकाव्या; एका गॅलरींतलीं कुटुंबें एका मजल्यावर, आणि समोरासमोरचीं दारें होतीं तशीं. डॉक्टरीणबाईंनीं तो कागद घेतला आणि खालीं एक ओळ जोडली: दारांपुढचा बोळ एवढा रुंद असावा कीं खुर्ची टाकून बसलेल्या माणसास ओलांडून न जातां चालतां यावें.

गिरगांवकरानें तो दोनदां वाचला. "बिल्डर हें मान्य करील?"

"यांत त्याचा एक पैसाहि जास्त खर्च होत नाहीं. बोळाचे थोडे होतील," वकील म्हणाले. "पण मागितलें आहे का कोणी? कागदांत सगळ्यांचे आक्षेप आहेत. चौरस फूट वाढवा, भाडें वाढवा, मोटार ठेवायला जागा द्या. शेजार कोणी मागितलेला नाहीं."

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आईची सही उद्यां होईल. पण अकरा नंबरवालीनेंहि अजून केलेली नाहीं. ती म्हणते, काकू काय करतात तें पाहीन."

"मग हा कागद आधीं तिला दाखव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आम्ही साडेसातच्या गाडीसाठीं उठलों.